कॅटमरानची ट्रॅम्पोलिन बदलायची वेळ आली, तर जाळी निवडायची कशी?

‘ट्रॅम्पोलिन’ म्हटलं की ठाणे-डोंबिवलीकरांच्या डोळ्यांसमोर मॉलमध्ये उड्या मारणारी पोरं येतात. ‘कॅटमरान’ म्हटलं की गेटवेहून मांडव्याला जाणारी मोठी प्रवासी बोट. (आणि मांडवा म्हटलं की ‘अग्निपथ’, पण तो विषय वेगळा.) हे दोन शब्द एकत्र येतात ते शिडाच्या छोट्या कॅटमरानवर. दोन अरुंद होडक्या समांतर ठेवायच्या, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांनी जोडायच्या आणि मधल्या रिकाम्या जागेत एक घट्ट जाळी ताणून बसवायची. या जाळीला ट्रॅम्पोलिन म्हणतात.

नाव खेळण्यातलं असलं तरी काम गंभीर आहे. या बोटीला दुसरा डेक नसतो. बसायचं, सरकायचं, बोट उलटली तर पुन्हा चढून यायचं, सगळं या जाळीवरच. किनाऱ्यापासून दोन किलोमीटर आत असताना ती फाटली, तर माणूस थेट पाण्यात जातो. पाय अडकला तर त्याहून वाईट.

मुंबई बंदराच्या आसपास शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. त्यामुळे जाळी तपासायची, बदलायची वेळ बहुतेकदा सप्टेंबरमध्ये येते. आता समजा, डोंबिवलीतल्या चार मित्रांनी मिळून एक जुनी ‘होबी १६’ विकत घेतली. बोट स्वस्तात मिळाली, पण जाळी सात-आठ वर्षांची आहे. पुढे काय?

आधी बोट समजून घेऊ

‘कॅटमरान’ हा शब्द आपल्याकडचाच आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड किंवा झाड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडके एकत्र बांधून जो तराफा समुद्रात घालत, तो कट्टुमरम्. गंमत म्हणजे त्याला दोन वेगळ्या होडक्या नसतातच. दोन होडक्यांची जोडबोट ही पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन बेटांवरची परंपरा. युरोपियन लोकांनी तमिळ शब्द उचलला आणि पुढे तो या जोडबोटींना चिकटला.

किनाऱ्यावरून थेट पाण्यात ढकलता येणारी छोटी कॅटमरान लोकप्रिय केली ती कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर यांनी. ते मुळात सर्फबोर्ड बनवायचे. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आधी होबी १४ आणि मग होबी १६ आणली. होबी १६ साधारण ५ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि जेमतेम १४५ किलो वजनाची. जगभरात अशा एक लाखाहून जास्त बोटी बनल्या. तिच्या दोन्ही होडक्यांवर छोटे खांब असतात, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसते आणि त्या चौकटीत ट्रॅम्पोलिन.

ही रचना लक्षात ठेवायला हवी, कारण जाळी फक्त माणसांचं वजन पेलत नाही. ती चौकटीला चारही बाजूंनी ओढून धरते. जाळी घट्ट असेल तर चौकट काटकोनात राहते आणि दोन्ही होडक्या एकत्र चालतात. ती सैल पडली की बोट लाटांवर पिळवटते. म्हणूनच शर्यतीत उतरणारे लोक जाळीच्या ताणाबद्दल इतके काटेकोर असतात.

जाळी खराब झाली हे ओळखायचं कसं?

सगळ्यात आधी जाळीकडे न बघता शिलाईकडे बघायचं. जवळपास प्रत्येक जुन्या ट्रॅम्पोलिनमध्ये कापडाआधी दोरा मरतो. दोरा बारीक, त्यातला बराचसा पृष्ठभागावर उघडा, आणि दिवसभर ऊन त्याच्यावरच. नखाने टाके खरवडून बघा. भुसा निघत असेल किंवा टाका तुटत असेल, तर शिलाई संपली. कापड मजबूत असेल तर अशी जाळी पुन्हा शिवून घेता येते, नवी घ्यायची गरज नाही.

मग कापड. रंग फिका पडणं हे लक्षण आहे, पण पुरेसं नाही. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते का, दुमडल्यावर कडकड वाजतं का, वरचा प्लॅस्टिकचा लेप भेगाळून आतले धागे दिसतात का, ते बघायचं. कडेची दोरी ज्या खोबणीत बसते तिथे कापड सर्वात जास्त ओढलं जातं, म्हणून दांड्यालगतचे चार बोटांचे पट्टे नीट तपासायचे. शेवटची परीक्षा जमिनीवरच घ्यायची. बोट वाळूत ठेवून जाळीवर उभं राहायचं, टाचेवर वजन द्यायचं आणि जागा बदलत सगळीकडे फिरायचं. खाली वाळू असताना फाटली तर नुकसान फक्त जाळीचं.

ऊन इतकं नुकसान का करतं?

याचा अनुभव कल्याण-डोंबिवलीतल्या बहुतेक घरांना आहे. पश्चिमेच्या बाल्कनीला लावलेली कबुतरांची जाळी काही वर्षांत हाताने ओढली तरी तुटायला लागते. तीच जाळी सावलीतल्या डक्टला लावलेली असेल तर कितीतरी जास्त टिकते. उन्हातली अतिनील किरणं प्लॅस्टिकच्या लांबलचक रेणूंचे बंध तोडतात, त्यात हवेतला ऑक्सिजन भर घालतो, आणि लवचिक धागा ठिसूळ होतो. खारं पाणी सुकलं की मिठाचे बारीक खडे धाग्यांत अडकतात. मग प्रत्येक हालचालीला ते आतून घासत राहतात. वाळूचंही तेच.

इथे कोणता धागा आहे याने फरक पडतो. नायलॉन मजबूत असतं, पण पाणी शोषतं, ओलं झालं की ताणतं आणि थोडं कमजोर होतं. म्हणजे सकाळी टणक वाटलेली जाळी पाण्यात गेल्यावर झोळीसारखी लोंबायला लागते. पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषत नाही, कमी ताणतं आणि उन्हालाही बऱ्यापैकी तोंड देतं. पॉलिप्रॉपिलिन हलकं, पाण्यावर तरंगणारं, पण मुळात उन्हाला फार नाजूक. ते टिकतं ते त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे. काळ्या रंगासाठी वापरलेला कार्बनही अतिनील किरणं अडवायला मदत करतो. म्हणून पॉलिप्रॉपिलिनची जाळी घ्यायची तर काळी आणि ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ असं स्पष्ट लिहिलेलीच घ्यावी. मे महिन्यात काळ्या जाळीवर अनवाणी पाय भाजतात, हेही खरं. बादलीभर पाणी ओतून काम भागतं.

बाजारात काय काय मिळतं?

छोट्या कॅटमरानसाठी मुख्यतः तीन प्रकार चालतात. पहिला, व्हिनाइलचा लेप दिलेलं बंद कापड. दिसायला रेक्झिनसारखं, बसायला मऊ, गुडघे सोलत नाहीत. जुन्या बोटींवर हेच जास्त दिसतं. पण त्यातून पाणी खाली जात नाही, आणि हा दोष लहान नाही. समजा जाळीचं क्षेत्रफळ ४ चौरस मीटर आहे आणि लाट येऊन त्यावर ५ सेंटिमीटर पाणी क्षणभर थांबलं. हिशेब करा: २०० लिटर, म्हणजे २०० किलो. अख्खी बोट १४५ किलोची! खालून येणारी लाटही बंद कापडावर थोबाडीत मारल्यासारखी आपटते. वाऱ्याचंही तसंच. बोट एका बाजूला उचलली गेली की बंद कापडाखाली वारा भरतो.

दुसरा प्रकार म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांवर पीव्हीसीचा लेप असलेली मेश. बाहेर अंगणात ठेवायच्या खुर्च्यांना जे जाळीदार कापड असतं, त्याचा हा दणकट भाऊ. पाणी निघून जातं, त्वचेला फार बोचत नाही, घर्षण सोसतं. लेप शाबूत असेपर्यंत आतला धागा उन्हापासून झाकलेला राहतो. लेपाला भेगा पडल्या की उतरती कळा लागते. तिसरा प्रकार म्हणजे विणलेली काळी पॉलिप्रॉपिलिन मेश. सर्वात हलकी, पाणी सर्वात लवकर सोडते, ताणून बसवली की टणक राहते. गुडघ्यांना मात्र खरखरीत लागते, हाफ पॅन्टवर दोन तास काढले की कळतंच.

यापैकी कोणती घ्यायची हे बोटीवर कोण बसणार यावर ठरतं. नवशिके, लहान मुलं, पाहुणे असतील तर पीव्हीसी लेपाची मेश बरी. ते लोक गुडघ्यावर रांगतात, घसरतात, कुठेही बसतात. दोघंच जण वेगासाठी जाणार असतील तर काळी पॉलिप्रॉपिलिन. बंद कापड आजच्या घडीला घेण्यासारखं वाटत नाही, फारच शांत खाडीत हौसेने फिरायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मोठ्या, प्रवासी कॅटमरानवर पुढच्या बाजूला दोरीची चौकटीदार जाळी दिसते. त्यातही गाठ असलेली आणि बिनगाठीची असे दोन प्रकार असतात. ती पाहून छोट्या बोटीवरही तसंच करावंसं वाटू शकतं. पण तिची भोकं मोठी असतात. छोट्या बोटीवर माणूस सतत सरकत असतो, त्यामुळे पायाची बोटं आणि टाच अडकते.

मग साधी मासेमारीची जाळी किंवा शेडनेट का नाही?

हा प्रश्न येणारच, कारण ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून ते घाऊक बाजारापर्यंत जाळी कुठेही दिसते. पुण्याच्या गारवेअर टेक्निकल फायबर्ससारखी मासेमारीची जाळी, दोरखंड आणि खेळाच्या मैदानाची जाळी बनवणारी कंपनी महाराष्ट्रातच आहे. म्हणजे जाळ्यांचं ज्ञान इथे भरपूर आहे.

अडचण वेगळी आहे. मासेमारीचं जाळं पाण्यात बुडून काम करायला बनवलेलं असतं. त्याने लवावं, मासा धरावा, हे त्याचं काम. प्रत्येक चौकटीला गाठ असते आणि वजन पडलं की चौकट मिटते. त्यावर माणूस बसला तर गाठी टोचतात आणि जाळं खोल जातं. बाल्कनीच्या जाळीचा धागा पक्षी अडवण्यापुरता. हिरवं शेडनेट तर याहून कमजोर. ते किती टक्के ऊन अडवतं यावर विकलं जातं, किती वजन पेलतं यावर नाही. एकदा चीर पडली की ती धावत जाते. तात्पुरतं म्हणूनही शेडनेट बांधून पाण्यात जाऊ नये.

किती ताणायची?

इथे थोडं गणित आहे, पण घरातलं. कपडे वाळत घालायची दोरी एकदम सरळ, कडक बांधली आणि मध्ये ओली चादर टाकली, तर खिळा उपटून येतो. तीच दोरी जरा सैल बांधली तर खिळा टिकतो. वजन तेच, मग फरक कुठे?

दोरी जितकी आडवी, तितका तिच्यातला ताण जास्त. ७० किलोचा माणूस दोरीच्या मधोमध उभा आहे आणि दोरी दोन्ही बाजूंना १० अंशांनी झुकली आहे असं धरलं, तर दोरीत साधारण २०० किलोचा ताण येतो. फक्त ५ अंशांनी झुकली असेल तर ४०० किलो. ट्रॅम्पोलिनमध्ये हा भार शेकडो धाग्यांत वाटला जातो, त्यामुळे आकडा थेट लागू होत नाही. पण दिशा तीच. जाळी जितकी सपाट आणि टणक, तितका कडांवर, टाक्यांवर आणि चौकटीवर भार जास्त.

त्यामुळे घट्ट बसवायची असेल तर आधी चौकट तपासायला हवी. कोपऱ्यातल्या जोडणीला तडे आहेत का, रिव्हेट हलतात का, दांडा वाकलाय का. जुन्या चौकटीवर नवी, कडक जाळी बसवून दांडाच वाकवून घेण्यात अर्थ नाही. चौकटीचे दोन्ही कर्ण फुटपट्टीने मोजा. ते सारखे नसतील तर चौकट आधीच तिरकी आहे आणि नवी जाळी तिच्यात सरळ बसणार नाही.

माप कशाचं घ्यायचं?

जुन्या जाळीचं माप घेणं ही सर्वात सोपी आणि सर्वात महागात पडणारी चूक. ती वर्षानुवर्षं ताणून मोठी झालेली असते. त्या मापाची नवी शिवली तर ताणायला जागाच उरत नाही. माप चौकटीच्या आतल्या बाजूचं घ्यायचं आणि त्यातून दोरी ओवायची फट वजा करायची. ही फट ठेवलेली असली तरच पुढे जाळी सैल झाल्यावर पुन्हा आवळता येते.

होबी १६सारखी प्रसिद्ध बोट असेल तर मॉडेल आणि शक्य तर बनवल्याचं वर्ष सांगून तयार जाळी मागवता येते. परदेशी दुकानांत तिची किंमत काही शे डॉलरमध्ये असते, वर कुरिअर आणि आयात शुल्क. शर्यतीत उतरायचं असेल तर त्या वर्गाचे नियम आधी वाचावेत. कोणती जाळी चालते हे तिथे ठरलेलं असतं.

आणखी एक छोटी पण हमखास फसवणारी गोष्ट म्हणजे कडेची दोरी. जाळीच्या काठात एक गोल दोरी शिवलेली असते आणि ती दांड्याच्या खोबणीत सरकवायची असते. दोरी जाड झाली तर आत जात नाही. बारीक झाली तर वजन पडताच खोबणीतून निसटते, आणि तेही पाण्यात असताना. ड्रिल मशीनचे वेगवेगळ्या जाडीचे बिट खोबणीत घालून बघितले की नेमकी जाडी कळते. खोबणी आधी घासून, गोड्या पाण्याने धुऊन घ्यावी. दोरी सरकवताना साबणाचं पाणी पुरतं.

स्थानिक कारागिराकडून शिवून घेता येईल का?

ठाणे, कल्याण, भिवंडी पट्ट्यात रिक्षाचं हूड, टेम्पोची ताडपत्री, मांडवाचं कापड शिवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाड कापड शिवणारं मशीन असतं आणि हात बसलेला असतो. टाके पुन्हा मारायचे, कडेला नवी पट्टी लावायची, बोट झाकायला कव्हर शिवायचं, ही कामं त्यांच्याकडून चांगली होऊ शकतात.

अट एकच. साहित्य आपण न्यायचं. दुकानातला नेहमीचा दोरा उन्हात उघडा पडण्यासाठी नसतो. बाहेरच्या वापरासाठीचा, यूव्ही संरक्षण असलेला जाड पॉलिएस्टर दोरा आणून द्यावा. याहून टिकाऊ दोरा पीटीएफईचा, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतो त्याच पदार्थाचा. उन्हाचा त्याच्यावर जवळपास परिणाम होत नाही, पण तो महाग आहे आणि सहज मिळत नाही. पट्टी पॉलिएस्टरची असावी. ताडपत्रीला ठोकतात त्या साध्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा खाऱ्या पाण्यात लवकर खराब होतात. जाड पितळी किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या घ्याव्यात. रिंगांऐवजी पट्टीचे मजबूत फासे शिवून घेतले तर गंजण्याचा प्रश्नच मिटतो.

अख्खी नवी जाळी इथे शिवावी का? मॉडेल प्रसिद्ध असेल तर तयार जाळीच परवडते. एकदा चुकलेलं माप आणि वाया गेलेलं कापड धरलं तर फरक फार उरत नाही. बोट घरी बांधलेली किंवा बंद पडलेल्या मॉडेलची असेल तर पर्याय नाही. मग आधी स्वस्त ताडपत्रीचा नमुना शिवून चौकटीत बसवून बघायचा, आणि त्यावरून खरं कापड कापायचं.

बसवताना

जुन्या बोटीत खरा घोळ जाळीचा नसतो, बोल्टचा असतो. काही मॉडेलमध्ये जाळी सरकवण्यासाठी चौकटीचा एखादा दांडा खोलावा लागतो. स्टेनलेसचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचा दांडा वर्षानुवर्षं खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून असले की अ‍ॅल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरतं आणि बोल्ट जाम होतो. नवी जाळी मागवण्याआधीच हे बोल्ट हलतात का ते पाहावं. ऐन हंगामात जाळी घरी आणि बोट अर्धवट उघडी, ही वेळ टाळता येते.

जाळी उन्हात तासभर ठेवून मग बसवली तर मऊ पडते आणि सरळ येते. ओवायला कमी ताणणारी पॉलिएस्टरची वेणीची दोरी घ्यावी, नायलॉनची नको. एका फेरीत सगळा ताण द्यायचा नाही. आधी सैल ओवायची, मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दोन-तीन फेऱ्यांत आवळत जायचं. बाजेची सैल पडलेली नवार आवळतात तसंच. पहिल्या एक-दोन दिवसांच्या फेऱ्यांनंतर जाळी नक्की सैल पडते. पुन्हा आवळायची.

आणि मग कव्हर. बोट आठवड्यात दोन दिवस पाण्यात असते आणि पाच दिवस किनाऱ्यावर उन्हात. म्हणजे जाळीचं बहुतेक आयुष्य पार्किंगमध्येच संपतं. गोड्या पाण्याने धुऊन वर साधी ताडपत्री टाकली तरी नवी जाळी कितीतरी जास्त हंगाम काढते. ताडपत्री मात्र मधोमध उंच बांधावी. नाहीतर पावसाचं पाणी साचून तिचीच झोळी होते, आणि ते सगळं वजन पुन्हा त्याच टाक्यांवर येतं.